कॉम्प्युटरात टोचलेली अंघेलिना

झेनोवियाला प्रुनेनी गावात नर्स होऊन सदतीस वर्षं झाली. त्यातली निदान तीस वर्षं तरी कुणी ना कुणी वरून येऊन तिला शिकवत होतं. शिकवणारे बदलले, त्यांचे कोट बदलले, मोटारी बदलल्या. झेनोविया आणि तिची सायकल तेवढी तीच राहिली.

पूर्वीच्या राजवटीत लस म्हणजे हुकूम होता. जिल्ह्याहून फर्मान यायचं की शंभर टक्के पोरं टोचा, आणि शंभर टक्के टोचली असं लिहून जायचं. एखादं पोर सापडलं नाही तर साहेब विचारायचा, ते जन्मलंय याचा पुरावा काय? मग ती राजवट गेली. शंभर टक्क्याचा हुकूम गेला, त्याबरोबर दवाखान्यातली शेगडीही गेली, ती कुणी नेली ते गावाला ठाऊक आहे. झेनोविया लशीच्या बाटल्या स्वतःच्या घरच्या फ्रीजमध्ये, आंबट कोबीच्या बरणीशेजारी ठेवू लागली. थर्मासमध्ये बर्फ भरून सायकलवरून दारोदार हिंडायची. नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात तिने गोवराने गेलेली तीन पोरं पाहिली होती. एकाची शवपेटी त्याच्या बापाने पीठ मळायच्या काथवटीच्या फळ्यांतून केली होती. त्यानंतर कुणी तिला सांगितलं की गोवर म्हणजे काय, लहानपणी सगळ्यांनाच होतो, तर ती त्या माणसाच्या पोराचं नाव तेवढं वहीत लिहून ठेवायची.

ती वही चौकटीच्या कागदाची, तेलकट पुठ्ठ्याची. तिच्यात पोरांची नावं होती, पण नावावर तिची भिस्त नव्हती. प्रुनेनीत अर्धं गाव हुलुबेई आडनावाचं. म्हणून ती लिहायची, ‘निळ्या फाटकातली, जिची आजी तोतरी’, किंवा ‘घंटा वाजवणाऱ्याचा धाकटा, रडतो फार’. एकही पोर त्या वहीतून निसटलं नव्हतं.

मग देशाची लसनोंदणी आली आणि वही मागे पडली. सगळ्या देशातल्या पोरांची एकच वही, आणि तीही कॉम्प्युटरात. प्रत्येक पोराला तेरा आकड्यांचा नंबर. टोचलं की ओळ हिरवी, राहिलं की लाल. कल्पना वाईट नव्हती, हे झेनोवियाही मानायची. शहरातलं पोर गावात आलं, गावातलं इटलीला जाऊन परतलं, तर त्याला काय टोचलंय ते तिथे दिसायचं. तिच्या वहीला इटली कुठून दिसणार? तिचा राग त्या यंत्रावर नव्हताच. यंत्रासमोर बसलं की ज्यांना खिडकीबाहेर बघायची गरज वाटेनाशी होते, त्या माणसांवर होता. आणि अशी माणसं देवाने सढळ हाताने घडवली आहेत.

त्यांतले एक चोबानुसाहेब जिल्ह्याहून ऑगस्टात आले. पायांत टोकदार बूट, काखेत रंगीत नकाशा. नकाशात प्रुनेनी हिरवं होतं. चाळीस पोरांपैकी अडतीस टोचलेली, म्हणजे पंचाण्णव टक्के, आणि हिरवं व्हायला पंचाण्णवच लागतात. डॉक्टर तानासे आठवड्यातून दोनदा शहरातून यायचे, त्या दिवशी नवा टाय लावून आले. त्यांना काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं. झेनोवियाने कॉफी केली. साहेबांनी मोठ्या मनाने तिलाही विचारलं, की सिस्टर, या यशाचं रहस्य काय?

“सायकल,” ती म्हणाली.

साहेब हसले आणि त्यांनी डायरीत लिहिलं, ‘दळणवळणाची उत्तम सोय.’

उरलेल्या दोन पोरांतलं एक रक्ताच्या आजाराचं होतं, त्याला टोचणंच धोक्याचं. दुसऱ्याचा बाप नर्स दिसली की कुत्रा सोडायचा. त्या कुत्र्याशी झेनोवियाची तीन वर्षं बोलणी चालू होती, आणि कुत्रा आता थोडा मऊ पडला होता.

सप्टेंबरात ओढ्यापलीकडच्या गावात गोवर निघाला. आधी एक पोर, आठवड्यात चार. डॉक्टरांनी फोन करून सांगितलं, सिस्टर, न टोचलेल्यांची यादी काढा, दोनच आहेत म्हणा, म्हणजे आपल्याला काळजी नाही. झेनोवियाने यादी काढली. दोन नावं लाल होती, आणि त्यांच्या खाली एक करड्या रंगात. ‘तेओदोरा हुलुबेई, वय चार, लस नाही, परदेशी गेल्यामुळे मोजणीतून वगळली.’

झेनोवियाने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेओदोरा म्हणजे साफ्ताची नात. आईबाप इटलीत तोरिनोला, पोरगी आजीकडे. ही परदेशी गेलेली मुलगी त्याच दिवशी सकाळी झेनोवियाच्या कुंपणावर पोट टेकून आलुबुखार चोरत होती.

तिने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ती ओळ सारखी लाल दिसत होती, आईबाप परदेशात आहेत, म्हटलं पोरगीही गेली असेल. असेल! पाच घरं चालत जाऊन बघण्यापेक्षा एक पोर इटलीला पाठवणं त्यांना सोपं पडलं होतं.

साफ्ता अंगणात मोठ्या कढईत आलुबुखाराचा मुरांबा ढवळत होती. तो सकाळी चुलीवर चढतो आणि संध्याकाळपर्यंत ढवळणाऱ्याला हलता येत नाही, त्यामुळे साफ्ताला गाठायला यापेक्षा चांगला दिवस नव्हता.

“साफ्तामावशी,” झेनोविया म्हणाली, “तुझ्या तेओदोराला गोवराची लस—”

साफ्ताने कालथा कढईत सोडला आणि डावीकडे तीनदा थुंकली. “तोंड आवर गं बाई. अंगणात उभी राहून कुणाचं नाव घेतेस?”

तेव्हा झेनोवियाला आठवलं आणि तिने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. पोरगी सहा महिन्यांची असताना मरायला टेकली होती. औषधांनी हात टेकले तेव्हा साफ्ताने गावाच्या रिवाजाप्रमाणे तिला विकली होती. असं आजारी पोर खिडकीतून बाहेर द्यायचं, जिची पोरं धडधाकट आहेत अशा बाईने ते नाणं देऊन विकत घ्यायचं, नवं नाव ठेवायचं आणि दारातून परत आणून द्यायचं. मरण जुन्या नावाने हाक मारत येतं, घरात त्या नावाचं कुणी सापडत नाही, ते परत जातं. सात वर्षं जुनं नाव उच्चारायचं नाही. साफ्ताच्या पोरीला शेजारच्या थोरल्या अंघेलिनाने विकत घेतलं होतं आणि स्वतःचंच नाव दिलं होतं. पोरगी जगली. औषधाने म्हणा की खिडकीने, साफ्ताचं मत ठरलेलं होतं.

“बरं, तुझ्या अंघेलिनाला,” झेनोविया म्हणाली. “टोचलं नाही अजून?”

“टोचलं नाही कसं? वर्षाची झाली त्या महिन्यातच टोचलं. तू तेव्हा कंबर मोडून पडली होतीस. शहरातली बदलीवरची आलेली, ती गोरी, सारखी घड्याळ बघायची. तिने टोचलं. मीच पाय धरला होता. कार्ड आहे माझ्याकडे.”

कार्ड देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे होतं. त्याच्यावर तारीख होती, बाटलीचा नंबर होता, आणि नाव होतं अंघेलिना हुलुबेई.

“तू तिला नाव काय सांगितलंस?”

“जे आहे ते सांगितलं. ते दुसरं मी दवाखान्यात सांगणार होते? मरणाचं जाणंयेणंच तिथे.”

“आणि नंबर?”

“कागद सगळे सुनेकडे, तोरिनोला. ती गोरी म्हणाली, असू दे, नावावरून सापडेल.”

आणि सापडलंच की! झेनोविया फाटकाच्या खांबाला टेकून उभी राहिली. कारण प्रुनेनीत एक खरोखरची धाकटी अंघेलिना हुलुबेई होती. थोरल्या अंघेलिनाची सख्खी नात, आजीच्याच नावाची, त्याच महिन्यात जन्मलेली. गोरीने नाव टाइप केलं, पहिली जी अंघेलिना दिसली तिला हिरवं केलं आणि घड्याळ बघितलं. टोचलेली पोरगी तीन वर्षं लाल राहिली, मग इटलीला गेली. आणि हिरव्या पोरीला खरं काय टोचलं होतं?

ते विचारायला ती कुंपण ओलांडून थोरल्या अंघेलिनाकडे गेली. थोरली म्हणाली, मी नेली होती की, सून तेव्हा तिकडे इटलीत, बोलोन्याला होती. पण पोरीला खोकला होता, ती गोरी म्हणाली खोकला गेल्यावर या, बोलावू तुम्हाला. मग कुणी बोलावलं नाही. मला वाटलं, सरकारने बंद केलं असेल. ते काहीही बंद करतात.

बोलावणार कोण? हिरव्या ओळीला कुणी बोलावतं?

म्हणजे चार वर्षांची धाकटी अंघेलिना कोरी होती, आणि ओढ्यापलीकडे गोवर. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण येत्या रविवारी तिकडेच, गोवराच्याच गावात, तिच्या मावसभावाचा बाप्तिस्मा होता. ओतिलिया, म्हणजे अंघेलिनाची आई, त्यासाठीच बोलोन्याहून आली होती. तिने पोरीसाठी झालरींचा फ्रॉक आणला होता, आणि तो फ्रॉक सगळ्या नातेवाइकांनी पाहिल्याशिवाय ती परत जाणार नव्हती.

झेनोविया तिला सांगायला गेली तेव्हा ओतिलिया नखं रंगवत होती. तिने वाळत्या नखांनी जपून फोन उचलला आणि मुलीची ओळ उघडून दाखवली.

“हे बघा झेनोविया मावशी. हिरवं. तारीख, बाटलीचा नंबर, सगळं आहे.”

“ती बाटली साफ्ताच्या पोरीला गेली, बाळ.”

“कोण म्हणतं?”

“साफ्ता. आणि तुझ्या सासूबाई म्हणतात की तुझीला टोचलंच नाही.”

“माझ्या सासूबाई काल काय जेवल्या ते विचारा त्यांना,” ओतिलिया म्हणाली. “एकीकडे सगळ्या देशाचं रजिस्टर, आणि दुसरीकडे साफ्ता, जिने स्वतःची नात खिडकीतून विकली. कुणाचं ऐकू मी? तुमच्या वहीचे दिवस गेले, मावशी. राग मानू नका.”

झेनोवियाने राग मानला, पण तो घरी जाऊन मानायचं ठरवलं. तिने एवढंच सांगितलं की रविवारी पोरीला तिकडे नेऊ नकोस. ओतिलिया नखांवर फुंकर मारत राहिली.

आता एकच वाट होती, की त्या फोनवरचं हिरवं लाल करायचं. तसंही त्याशिवाय टोचता येत नव्हतं. हल्ली लशीची बाटली निघते ती पोराच्या नंबरावर, आणि ज्या नंबरावर आधीच लस चढलीय त्याला यंत्र दुसरी देत नाही. चूक दुरुस्त करायची तर साफ्ताने दवाखान्यात येऊन डॉक्टरांसमोर लिहून द्यायचं, की ती लस माझ्या नातीला मिळाली.

डॉक्टर तानासे आधी त्यालाच तयार नव्हते. त्यांनी कागदावर आकडे मांडले. परदेशातली पोरगी परत आली की पोरं एक्केचाळीस, टोचलेली अडतीसच. त्र्याण्णवही भरत नाहीत. गाव पिवळं होणार, आणि प्रशस्तिपत्राला अजून महिनाही झालेला नाही.

“सिस्टर, पुढच्या महिन्याचा अहवाल जाऊ दे,” ते म्हणाले. “मग सावकाश करू.”

“करू की,” झेनोविया म्हणाली. “तोवर पोरगी फुलली, अंगभर पुरळ आलं, तर ओतिलियाला तुम्ही सांगा. सांगा, बाई, घाबरू नका, तुमची मुलगी हिरवी आहे.”

डॉक्टर काही वेळ चौकटीतल्या प्रशस्तिपत्राकडे बघत बसले. मग म्हणाले, बोलवा गुरुवारी.

गुरुवारी साफ्ता काळा रुमाल बांधून आली, सोबत आधाराला थोरली अंघेलिना. साफ्ताला लिहिता येत नव्हतं, म्हणून डॉक्टर वाचणार आणि ती अंगठा देणार असं ठरलं होतं. झेनोवियाने डॉक्टरांना दहा वेळा बजावलं होतं की पोरीचं नाव मोठ्याने घेऊ नका. त्यांनी मान डोलावली होती, जशी ते सगळ्यालाच डोलवायचे. मग त्यांनी घसा साफ केला आणि गिरजाघरात ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, “मी, साफ्ता हुलुबेई, जाहीर करते की तेओदोरा हुलुबेई—”

साफ्ता उठली. थुंकायलाही थांबली नाही. तिच्यामागे फाटक आपटलेलं दवाखान्यात ऐकू आलं.

डॉक्टर म्हणाले, कमाल आहे या अडाणी लोकांची. झेनोविया त्यांच्याकडे बघत राहिली. न बघता पोर इटलीला पाठवणारा हा शिकलेला माणूस.

सायकल काढून ती साफ्ताच्या घरी गेली. साफ्ता ओसरीवर बसली होती, पोरीला मांडीत घट्ट धरून. पोरीच्या तोंडाला मुरांबा माखलेला.

“मी येणार नाही,” साफ्ता म्हणाली. “चार वर्षं सांभाळलं मी. त्याने एका श्वासात सांगून टाकलं.”

झेनोविया पायरीवर बसली. मरण वगैरे काही नसतं, नावात काय आहे, असलं ती काही बोलली नाही. ज्या बाईने रात्रंदिवस बसून निळं पडलेलं पोर पाहिलंय तिला असलं सांगायला फार शिकलेलं असावं लागतं. ती म्हणाली, “मावशी, नाव कुणीच घ्यायचं नाही. फॉर्मात तिचा नंबर आहे. तेरा आकडे. मी ते आकडे वाचते, तू अंगठा दे.”

“आकड्यांवरून तिला कोण ओळखणार?”

“कॉम्प्युटर.”

“आणि… तो दुसरा? नावाने हाक मारत येणारा?”

“त्याने तेरा आकडे पाठ करायचे म्हणजे त्याला आधी शाळेत जावं लागेल. आमच्या डॉक्टरांना स्वतःचा नंबर पाठ नाही.”

साफ्ता हसली नाही. तेवढ्यात थोरली अंघेलिना धापा टाकत फाटकातून आत आली. तिने सगळं ऐकलं होतं आणि तिच्याकडे वेगळाच मुद्दा होता.

“साफ्ते, ती पोर कुणाची?”

“माझी.”

“तुझी कशी? नाणं कुणी दिलं? सात वर्षं होईस्तोवर ती माझी. आणि मी सांगते, अंगठा द्यायला चल. एक माझी जगली, दुसरी माझीच तिकडे मरू देऊ?”

रिवाज साफ्ताचाच होता. तिने काळा रुमाल पुन्हा बांधला.

दुपारी दवाखान्यात डॉक्टरांना तोंड मिटून बसायला सांगितलं. झेनोवियाने एकेक आकडा बोट ठेवून वाचला, साफ्ताने प्रत्येक आकड्याला मान हलवली, जसा काही त्यातला एकूणएक तिला ठाऊक होता, आणि शेवटी अंगठा उठवला. डॉक्टरांनी कळ दाबली. पडद्यावर इटलीला गेलेली पोरगी हिरवी होऊन परतली. तिच्या खालची अंघेलिना लाल झाली.

अर्ध्या तासात ओतिलिया आली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात ओढत आणलेली मुलगी, आणि आवाज फाटकाच्याही आधी पोचलेला.

“लाल दाखवतंय मावशी, लाल! ओढ्यापलीकडे गोवर आणि माझी पोर लाल! तुम्हा लोकांना काही जबाबदारी आहे की नाही? आधी सांगता येत नाही?”

डॉक्टरांनी खाली बघितलं. झेनोवियाने हात धुतले. तीन दिवसांपूर्वी तुझ्या नखांसमोर उभी राहून सांगत होते, असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण ओतिलियाने लशीच्या संमतीपत्रावर सही अजून केली नव्हती, आणि झेनोविया सदतीस वर्षांत एवढं शिकली होती की सही होईपर्यंत माणसाला शहाणं म्हणावं.

“चूक झाली बाळ,” ती म्हणाली. “इथे सही कर. पोरीची बाही वर घे.”

अंघेलिनाने टोचताना गाव गोळा होईल अशी किंकाळी फोडली आणि झेनोवियाच्या पोटरीवर लाथ मारली. लाथ चांगली जोराची होती. तब्येत उत्तम, झेनोवियाने मनाशी नोंद केली. डॉक्टरांनी लगेच आकडेमोड केली. एक्केचाळीसमध्ये एकोणचाळीस, म्हणजे पंचाण्णव आणि वर चिमूटभर. गाव पिवळं झालं ते तासभर, जिल्ह्यात तेव्हा जेवणाची सुट्टी होती. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू सगळं त्यांनीच घडवून आणलं.

पण आज सुई टोचली म्हणून पोर आजच सुरक्षित होत नाही. अंगात लशीचा जोर यायला दोन आठवडे लागतात, आणि बाप्तिस्मा तीन दिवसांवर होता. झेनोवियाने ओतिलियाला ते सांगितलं. ओतिलिया म्हणाली, आता तर हिरवी आहे ना? तिने फोन पुढे केला. खरंच हिरवी होती.

तेव्हा झेनोविया बोलली. आवाज तिने चढवला नाही. “यंत्राला मी टोचलं नाही, तुझ्या पोरीला टोचलंय. यंत्र लगेच हिरवं होतं, पोरीला वेळ लागतो. रविवारी नेलीस आणि ती फुलली, तर मी रोज येईन, ताप बघेन, डोळे पुसेन, सगळं करेन. पण पेटी बघायला मी पुन्हा जाणार नाही. तीन बघितल्यात.”

ओतिलियाने फोन पर्समध्ये ठेवला.

रविवारी सकाळी प्रार्थना सोडून झेनोविया थोरल्या अंघेलिनाच्या फाटकासमोर बाकावर जाऊन बसली. पाद्री काय म्हणेल ते म्हणो. मोटार बाहेर निघाली. ओतिलिया पुढे बसली होती, टोपी घालून, झेनोवियाकडे न बघता. मागची सीट रिकामी होती. तिच्यावर फक्त केकचा डबा होता.

मोटार वळणावर गेली तशी फाटकापलीकडून रडणं सुरू झालं. झालरींचा फ्रॉक अंगात होता, तो कुणी काढू दिला नव्हता. अंघेलिनाने फाटकाच्या फटीतून बाकावरची झेनोविया पाहिली आणि तिला माहीत असलेल्या सगळ्या शिव्या दिल्या. चार वर्षांच्या मानाने बऱ्याच माहीत होत्या. मग घसा बसला तेव्हा तिने विचारलं, “तू घरी का जात नाहीस?”

“बसलेय जरा,” झेनोविया म्हणाली. “पाय दुखतोय. लाथ कुणी मारली होती?”

“मीच,” अंघेलिना म्हणाली आणि पुन्हा रडू लागली.